आईबाबांनी कुठं बसायचं? काउन्सेलिंगला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

सांगलीतल्या एका समुपदेशन केंद्रात मी गेली ११ वर्षं पुढच्या टेबलावर बसते. फोन घ्यायचे, वेळ द्यायची, आलेल्याला पाणी विचारायचं आणि आत पाठवायचं. मी स्वतः सायकॉलॉजिस्ट नाही. आत काय बोलणं होतं ते मला कळत नाही आणि कळूही नये. पण आत जाण्याआधीची माणसं मी रोज बघते. त्यातले बरेचजण गाडी आमच्या दारात लावत नाहीत, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं लावतात. दुकानदारालाही आता सवय झालीय. किती कॉप्या काढायच्यात, असं तो विचारतसुद्धा नाही.

फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मुलाला आणायचंय." नाहीतर "सुनेला दाखवायचंय." "मला यायचंय" असं म्हणणारं माणूस क्वचित. आणि पाच-दहा मिनिटं बोललं की पुष्कळदा दिसतं, पहिली वेळ फोन करणाऱ्यालाच द्यायला हवी. या लेखात मी तेवढाच गुंता सोडवायचा प्रयत्न करणार आहे: कुणी यायचं, कुणाकडे जायचं, आणि मूल मोठं होत जाईल तसं आईबाबांनी त्या खोलीत कुठं बसायचं.

पहिली पायरी: फोनच्या आधी एक कागद

कागदावर चार ओळी लिहा. काय होतंय, कधीपासून होतंय, त्यामुळं काय अडलंय (झोप, जेवण, शाळा, काम), आणि घरात या गोष्टीनं सगळ्यात जास्त कोण हैराण आहे.

"मुलगा फार चिडचिड करतो" यातून आतल्या मॅडमना फारसं काही कळत नाही. "गणपतीच्या सुट्टीनंतर रोज शाळेला निघताना पोट दुखतं, रविवारी दुखत नाही" यातून पुष्कळ कळतं. तारीख आठवत नसेल तर सणवार आठवा, परीक्षा आठवा, घरातलं लग्न किंवा मयत आठवा. आपल्याकडं काळ तसाच लक्षात राहतो.

चौथी ओळ लिहिताना लोक अडतात. पाच वर्षांचं पोर खुशाल खेळतंय आणि आईला रात्रभर झोप नाही, तर पहिली वेळ आईची. मुलाचं पुढं बघता येतं.

एक गोष्ट मात्र कागदाची वाट बघत नाही. कुणी मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, तर वेळ मिळायची वाट बघत बसू नका. जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. माणसाला एकटं सोडू नका. 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

दुसरी पायरी: कुणाकडे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले. गोळ्या तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एमए करून पुढं एम.फिल.सारखं प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. काउन्सेलर बहुतेक वेळा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून समुपदेशनाचा डिप्लोमा केलेले असतात. उत्तम काउन्सेलर मी पाहिलेत. दोन दिवसांची कार्यशाळा करून पाटी लावलेलेही पाहिलेत. म्हणून शिक्षण विचारा, कुणाचा अनुभव कोणत्या वयाच्या लोकांबरोबर आहे ते विचारा, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर नोंदणी नंबर विचारा. यात उर्मटपणा काही नाही. आपण गवंड्यालाही आधीची कामं दाखव म्हणतोच की.

"गोळ्या लागतील का?" हा प्रश्न दर दोन फोनला येतो. मी उत्तर देत नाही, ते माझं कामच नाही. पण डॉक्टर जे सगळ्यांना सांगतात ते इथं लिहिते: नैराश्याच्या गोळीचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटायला लागलं म्हणून ती आपल्या मनानं बंद करायची नसते. गोळ्या आणि थेरपी दोन्ही एकदम चालू शकतात. बऱ्याच जणांचं तसंच चालू असतं.

पैशाचं बोलायला लाजू नका. खासगी सेशनची फी गावागणिक आणि माणसागणिक बदलते. आधी विचारा, परवडत नसेल तर तसं सांगा, बऱ्याच ठिकाणी कमी करतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, तिथंही ओपीडी चालते आणि तिथं गेलं म्हणजे ॲडमिटच करतात असं नाही. गोव्यात बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे. बिगरसरकारी संस्थांत ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) १९९० पासून मराठीतून काम करतेय आणि पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीसाठी आहे. घरातल्या दारूमुळं मुलं बिघडलीत असं वाटत असेल, तर आधी दारूचं बघावं लागतं. मुलाच्या काउन्सेलिंगनं बापाची बाटली सुटत नाही.

विम्याचंही सांगून टाकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. पण बहुतेक पॉलिसी मुळात ॲडमिट झाल्यावरचाच खर्च देतात. दर आठवड्याच्या सेशनचे पैसे हवे असतील तर पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते बघा.

तिसरी पायरी: फोन आणि पहिली भेट

फोनवर एवढं विचारा: फी किती, सेशन किती वेळाचं, मराठीत बोलतात ना, वेळ रद्द करायची तर किती आधी कळवायचं, आणि पहिल्यांदा कुणी यायचं. शेवटचा प्रश्न विसरू नका. मुलाला क्लास बुडवून घेऊन येतात आणि आतून निरोप येतो की आज फक्त आईबाबा हवे होते.

"मैत्रिणीसाठी विचारतेय" असं म्हटलंत तरी चालेल. आम्ही त्या मैत्रिणीलाच वेळ देतो.

सेशन साधारण ४५ मिनिटं ते एक तासाचं. पहिल्या भेटीत उपाय मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. तो वेळ विचारपूस करण्यात जातो: घरात कोण कोण, आधीचे आजार, झोप, नोकरी, बालपण. रडू आलं तर टेबलावर टिश्यूचा डबा असतो, तो त्यासाठीच ठेवलाय.

आत पुढं काय करतात याची चुणूक हवी असेल तर एक सांगते. मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती बरीच रुजलीय. मूळ अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांची, १९५५ सालची. आपल्याकडं ती आणण्यात कि. मो. फडके यांचं नाव घेतात. त्यात माणसाच्या बोलण्यातला 'च' पकडतात. "पोरीला नव्वद टक्के पडलेच पाहिजेत." "सासूबाईंनी माझं ऐकलंच पाहिजे." मग विचारतात, पडले तर बरं, पण नाही पडले तर नक्की काय कोसळतं? ऐकायला सोपं वाटतं. स्वतःच्या वाक्यातला एकेक 'च' शोधायला बसा, मग कळतं. हल्ली मीही शोधते.

चौथी पायरी: खुर्ची कुठं

*बाळंतपणानंतर.* इथं खुर्ची आईची. फक्त तिची. आमच्याकडं एकदा कानाला रुमाल बांधलेली बाळंतीण आली होती, बाळ दोनच महिन्यांचं. बरोबर तिची आई. मी नाव विचारलं तरी उत्तर आईनं दिलं. "तिला काही झालेलं नाही हो, दूध कमी पडतंय म्हणून रडते." मुलगी मान खाली घालून बाळाच्या झबल्याची नाडी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. मॅडमनी बाळ आजीच्या मांडीवर दिलं आणि दार लावून घेतलं. तासाभरानं मुलगी बाहेर आली ती आधी आजीकडून बाळ मागून घेत.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं हे पुष्कळ बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही रडू, बाळाकडं बघावंसं न वाटणं, बाळ झोपलेलं असतानाही स्वतःला झोप न येणं, "मी वाईट आई आहे" असं सारखं वाटणं चालू असेल, तर सव्वा महिना सरायची वाट बघू नका. दवाखान्यात दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, एडिंबराची, ती भरून घेतात. आणि बाळंतीण झोपतच नसेल, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणत असेल, भलतंच काही बोलत असेल, तर हे 'बाहेरचं' नव्हे. त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट. तोवर बाळाला आणि तिला, दोघांनाही एकटं ठेवायचं नाही.

बाबांचंही मन या दिवसांत बिघडू शकतं. पण बाबा येतात ते बिल भरायला.

*एक ते पाच.* इथं लोकांना वाटतं, पोराला आत पाठवायचं. बहुतेक वेळा आईबाबांनाच आत जायचं असतं, आणि घरात आजीआजोबा असतील तर एखाद्या सेशनला त्यांनीही. एकाच घरात चार कायदे असले की पोर बरोबर ओळखतं कुणाकडं रडायचं. बाबांनी मोबाईल नाही म्हटलं, आजी पदराआडून देते, मग हट्ट मोडणार कसा? दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय. तो तास कुठला, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

मॅडम हमखास देतात तो गृहपाठ सांगते. रोज दहा मिनिटं मुलाबरोबर जमिनीवर बसायचं. खेळ त्यानं ठरवायचा. आपण शिकवायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, "हा कुठला रंग?" हे तर अजिबात नाही. तो जे करतोय ते फक्त बोलून दाखवायचं: "गाडी पुलाखालून गेली. आता लाल ठोकळा वर ठेवला." आईबाबा हसतात, एवढंच का म्हणतात. पुढच्या आठवड्यात येऊन सांगतात की प्रश्न न विचारता दहा मिनिटं काढणं महाकठीण आहे.

मात्र बोलण्यात मागं असलेलं मूल हट्टी मुलात मोजू नका. वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचं झालं तरी बोटानं काही दाखवत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि कानाची तपासणी. "याचा बाबाही उशिरा बोलला होता" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! बाबा बोलला असेल, पण तपासून घ्यायला काय जातं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी केंद्रं आहेत, तपासणी मोफत. अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही तिथं पाठवतात.

*शाळेची वर्षं.* आता मूल आणि आईबाबा दोघंही, आळीपाळीनं. तोंडी सगळं येतं, लिहिताना मात्र अक्षरं उलटी, काना-वेलांट्या गायब, असं असेल तर मारून काही होत नाही. अध्ययन अक्षमता आहे का हे चाचणीनं कळतं, आणि ती साधारण आठव्या वर्षाच्या आसपास नीट करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे. सरकारी रुग्णालयाचा दाखला असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून नववीतच हालचाल करा. जानेवारीत घामाघूम होऊन येणारे पालक मला दरवर्षी भेटतात.

*तेरा ते अठरा.* आता खुर्ची बाहेरची, माझ्या टेबलासमोरची. आईबाबांना सगळ्यात जड जाते ती हीच. पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळे आत, नंतर तुम्ही बाहेर. मूल आत असताना दाराकडं टक लावून बसू नका, आम्ही जुने दिवाळी अंक ठेवलेत.

पहिल्याच भेटीत, मुलासमोर, एक प्रश्न विचारा: "मॅडम, यातलं आम्हाला काय सांगाल आणि काय नाही?" उत्तर मुलानंही ऐकलं पाहिजे. साधारण असं असतं की मुलानं सांगितलेलं मुलाचंच राहतं. पण त्याच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी त्याच्याशी लैंगिक गैरवर्तन केलं असेल, तर ते झाकून ठेवता येत नाही. शेवटच्या बाबतीत तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारकच आहे. मुलाला स्वतःला मदत मागायची असेल तर १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे, तो घरात कुठंतरी दिसेल असा लिहून ठेवा.

परत जाताना गाडीवर "काय काय विचारलं? आमच्याबद्दल काय बोललास?" हे विचारायचं नाही. "वडापाव खायचा का?" हे विचारा. सांगायचं असेल तर वडापाव संपेपर्यंत तो सांगतो. नसेल तर वडापाव तरी झाला.

मरणाबद्दल थेट विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार शिरेल, ही भीती खोटी आहे. सरळ विचारा. आणि शंका आली की घरातली गोळ्यांची डबी आणि फवारणीची औषधं आधी कुलपात घाला. आमच्या भागात द्राक्षबागा आहेत, औषधाचे डबे पडवीत उघड्यावर असतात. रागाची ती घटका टळली की माणूस पुष्कळदा वाचतो. म्हणून मी हे दर वेळी सांगते, लोक म्हणतात बाई तेच तेच बोलतात.

*अठरानंतर.* मध्यंतरी एका वडिलांचा फोन आला. मुलगा पुण्यात एमपीएससीची तयारी करतो, तिसरी खेप, ऑनलाइन सेशन आमच्याकडे घेतो असं त्यांना मित्राकडून कळलेलं. "येतो का तो? पैसे मी भरतो हो!" मला हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याची परवानगी लागते, पैसे कुणीही भरोत. मी म्हटलं, "काका, तुम्हालाच वेळ देऊ का?" फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "शनिवारी चालेल."

मूल घराबाहेर पडल्यावर आईबाबांना लागणारा आधार हा पालकत्वाचाच भाग आहे. मुलगा मुलीशी लग्न करणार नाही म्हणतो, मुलगी मूल नको म्हणते, कुणी परदेशातून दोन-दोन आठवडे फोन करत नाही. यातलं काहीही मुलाला आत बसवून सुटणारं नाही. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेला जाऊन आलेल्या आज्याही येतात. तिथं नातवाला मांडीवर घेऊन तीळतेल लावायचं की नाही यावरून लेकीशी अबोला झालेला असतो आणि तो घेऊन त्या परत आलेल्या असतात. त्यांना खुर्ची त्यांची स्वतःची, आणि चहाही देतो आम्ही.

*म्हातारपणी.* थोडक्यात सांगते. विसरायला होतंय म्हटलं की आधी फिजिशियन, कारण थायरॉइड बिघडल्यानं आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानंही विसरायला होतं. या वयातलं नैराश्य अंगदुखी, अपचन, "जेवण जात नाही" अशा रूपात येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. आणि आईवडिलांचं करता करता थकलेली पन्नाशीची सून असते, तिची वेळ कुणी घेत नाही. तिनं स्वतःच घ्यावी.

पाचवी पायरी: चालू ठेवायचं, बदलायचं की थांबायचं

तीन-चार सेशननंतर सरळ विचारा, "आपण कशावर काम करतोय आणि अजून साधारण किती लागतील?" एका नेमक्या अडचणीसाठी आठ-दहा सेशन पुरतात, जुन्या दुखण्याला जास्त. आणि काम संपलं म्हणजे फाइल कायमची बंद असंही नाही. पोर दुसरीत असताना आलेली आई ते दहावीत गेल्यावर परत येते, मी फाइल काढून देते.

सूर जुळला नाही तर काउन्सेलर बदला. आम्हाला फोन करून तसं सांगितलंत तरी आम्ही रागवत नाही. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर सरळ उठून या: पहिल्याच दिवशी बरं करण्याची हमी, वीस सेशनचे पैसे आधी मागणं, अंगठी-खडा-तोडगा सुचवणं, दुसऱ्या पेशंटची गोष्ट नावानिशी सांगणं, नको तिथं हात लावणं.

येणार नसाल तर आदल्या दिवशी कळवा. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ सगळ्यांना हवी असते, शाळा-ऑफिस सुटल्यानंतरची. माझ्या वहीत आज त्या वेळेसाठी सातजण थांबलेत. सकाळी अकराला मात्र केव्हाही या, आणि त्या वेळी झेरॉक्सवाल्याकडं गाडी लावायला जागाही मिळते.